इब्राहिम आदिलशहाचं विजापूर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरवर आहे. आमच्याकडचे लोक सकाळी निघतात, गोल घुमटात चढून आवाज देतात, सात वेळा परत आलेला ऐकतात, मुलूखमैदान तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि रात्री घरी जेवायला असतात. या धावपळीत एक राजा हमखास राहून जातो. सत्तेचाळीस वर्षं या शहरावर राज्य करणारा आणि त्याला गाणं, चित्रं, विहिरी, महाल देणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा. गेली काही वर्षं मी ओळखीच्यांना त्याच्या जागा दाखवायला नेतो. त्यामुळे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत.

१. हा इब्राहिम आदिलशहा नेमका कोण? शाळेत तर फक्त "आदिलशाही" एवढंच शिकलो.

विजापूरच्या आदिलशाही घराण्यातला हा सुलतान. कारकीर्द १५८० ते १६२७. चुलता पहिला अली आदिलशहा याचा खून झाला आणि अवघ्या नऊ वर्षांचा इब्राहिम गादीवर बसला. मोठा झाल्यावर तो संगीतात इतका रमला की दख्खनी भाषेत त्याने स्वतः पदं रचली. "किताब-ए-नवरस" या त्याच्या संग्रहात ५९ पदं आणि १७ दोहे आहेत. पदं रागांखाली लावलेली आहेत: भूपाली, भैरव, तोडी, आसावरी, कल्याण, केदार, कानडा. लोक त्याला "जगद्गुरू" म्हणत आणि तो विजापूरला "विद्यापूर" म्हणे. प्रसिद्ध इतिहासकार फिरिश्ता याच्याच दरबारात लिहीत होता.

२. इब्राहिम एक की दोन? गाईड एक सांगतो, फलकावर दुसरंच सन असतं.

दोन. पहिला इब्राहिम १५३४ ते १५५८ चा, आपल्या इब्राहिमचा आजोबा. त्याची कबर विजापुरात नाही. ती यादगीर जिल्ह्यातल्या गोगीला आहे. फलकावर नुसतं "इब्राहिम" असेल तर सन बघा. १५८० नंतरचं असेल तर तो आपला.

३. विजापूर, बिजापूर की विजयपूर? रेल्वेत कोणतं नाव शोधायचं आणि जायचं कसं?

कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव विजयपुर केलं, त्यामुळे तिकिटाला आणि नकाशात तेच शोधा. बोलताना मराठीत विजापूरच चालतं आणि तिथल्या लोकांनाही ते कळतं. पुण्याहून सोलापूरमार्गे साधारण साडेतीनशे किलोमीटर पडतं. सोलापूरहून एसटी, कर्नाटकच्या बस आणि रेल्वे तिन्ही आहेत. सांगली-मिरजेकडून येणाऱ्यांना जतमार्गे रस्ता सोयीचा. स्टेशन शहराच्या पूर्व टोकाला, गोल घुमटाजवळ आहे. इब्राहिमच्या मुख्य जागा नेमक्या पश्चिमेला, म्हणून स्टेशनवर उतरलेला माणूस घुमटातच अडकतो.

गावात रिक्षा आहेत, आणि टांगेही अजून दिसतात. घाई नसेल तर टांगा करा. भाडं आधी ठरवा आणि किती ठिकाणी थांबायचं तेही आधीच बोलून घ्या.

४. एका दिवसात सगळं होतं का? कोणत्या क्रमाने जावं?

इब्राहिमचं तेवढं पाहायचं असेल तर होतं, पण क्रम उलटा लावा. सकाळी उघडताच शहराच्या पश्चिमेला इब्राहिम रोझा, म्हणजे त्याची कबर (प्रश्न ७). तिथून आणखी पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर तोरवी, म्हणजे जुनं नवरसपूर (प्रश्न ९). परतताना मक्का दरवाजाजवळची ताज बावडी, मग उपली बुरूज. दुपारी जेवून अर्ककिल्ला (प्रश्न १०), त्यानंतर मेहतर महाल. गोल घुमट शेवटी ठेवा. तो इब्राहिमचा नाही (प्रश्न १२), पण तेवढ्या लांब आलेल्या माणसाला मी तो सोडायला सांगणार नाही.

जेवणाचं वेगळं शोधू नका. कुठल्याही साध्या खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी आणि दही मिळतं. सोलापूरकराला ते ताट घरचंच वाटेल.

५. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये काळा दगड इतका तापतो की अनवाणी पायाने चौथऱ्यावर उभं राहवत नाही. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर पिशवीत जाड मोजे ठेवा.

६. तिकीट कुठे कुठे लागतं? सुट्टी कधी?

इब्राहिम रोझा आणि गोल घुमट या दोन्ही ठिकाणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तिकीट आहे. दर बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अर्ककिल्ल्यातले अवशेष, बावड्या आणि तोरवी इथे तिकीट नाही.

७. इब्राहिम रोझ्यात नेमकं काय पाहायचं? आम्ही वीस मिनिटांत बाहेर आलो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दख्खनमध्ये इतकं बारीक दगडकाम फार थोड्या ठिकाणी आहे. निदान दीड तास द्या.

आत शिरल्यावर एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती दिसतात. पूर्वेची कबर, पश्चिमेची मशीद, मधे कारंज्याचा हौद. पहिल्यांदा लांबूनच बघा. दोन्ही घुमट कमळाच्या पाकळ्यांतून वर आल्यासारखे आहेत, आणि मनोरे इतके आहेत की मोजताना चुकायला होतं.

मग कबरीच्या ओसरीत जा. आतल्या खोलीच्या बाहेरच्या भिंती हा या इमारतीचा जीव आहे. खिडक्यांच्या जाळ्या नक्षीच्या नाहीत, अक्षरांच्या आहेत. दगड कोरून अरबी अक्षरं उभी ठेवली आहेत आणि मधली जागा आरपार कापून काढली आहे. म्हणजे आत येणारा उजेड त्या अक्षरांच्या फटींतून येतो. सकाळी पूर्वेच्या बाजूला आत उभे राहिलात तर ते दिसतं. म्हणून मी सकाळचा आग्रह धरतो. दुपारी तीच जाळी नुसती काळी दिसते.

आतल्या खोलीत मान वर करा. सुमारे बारा मीटर लांबी-रुंदीच्या या दालनाचं छत मधे सपाट आहे. दगडी फरश्या कडेला कड लावून बसवल्या आहेत. खाली खांब नाही, तुळई नाही. चुन्याच्या जोरावर आणि कडेच्या वळणावर ते चारशे वर्षं टिकून आहे. खाली एका ओळीत सहा कबरी आहेत: इब्राहिम, त्याची आई, राणी ताज सुलताना आणि मुलं. ही इमारत मुळात राणीसाठी काढली होती, पण आधी राजाच गेला. दारावरच्या फारसी लेखात बांधणाऱ्याचं नाव मलिक संदल असं दिलं आहे, आणि खर्चही दिला आहे: दीड लाख होन, वर नऊशे. वरचे नऊशेसुद्धा लिहून ठेवणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

शेवटी मशिदीकडे जा आणि छज्जाच्या खाली बघा. तिथे दगडी साखळ्या लोंबतात. त्यांच्या कड्या जोडलेल्या नाहीत, अखंड दगडातून सोडवून काढलेल्या आहेत. काही तुटल्या आहेत. उरलेल्यांना हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका.

८. ताजमहाल याच्यावरून बांधला हे खरं का?

विजापुरात प्रत्येक जण हे सांगतो. कालक्रम जुळतो एवढं खरं: रोझ्याचं काम १६२६-२७ च्या सुमारास संपलं आणि ताजमहालाचं १६३२ मध्ये सुरू झालं. दोन्ही बेगमेसाठी काढलेल्या आणि दोन्हींच्या चार कोपऱ्यांवर मनोरे. पण रोझ्याचे मनोरे इमारतीच्याच अंगाला आहेत, ताजचे सुटे उभे आहेत. रोझ्यात घुमट लहान आणि ओसरी मोठी, ताजमध्ये उलट. मला विचाराल तर ही तुलना रोझ्याचं नुकसानच करते. माणूस ताज शोधत राहतो आणि साखळ्या बघायच्या राहतात.

९. नवरसपूर नावाचं शहर खरंच होतं का? तोरवीला गेलो तर शेतं दिसली.

होतं. १५९९ मध्ये इब्राहिमने विजापूरच्या पश्चिमेला नवी राजधानी वसवायला घेतली आणि तिला नवरसपूर नाव दिलं. "नवरस" हा शब्द त्याने जणू आयुष्यावर गोंदवून घेतला होता. ग्रंथाचं नाव नवरस, महालाचं नवरस, नाण्याचं नवरस, आणि दर महिन्याच्या नवमीला गाण्याचा उत्सव.

शहर पुरं व्हायच्या आत पडलं. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने विजापूर आणि मोगलांच्या एकत्र फौजेचा पराभव केला आणि तो थेट विजापूरवर चालून आला. मूळ शहराला तट होता. नवरसपूरचा तट अर्धवट होता. ते लुटलं गेलं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. इब्राहिम त्यानंतर तीनच वर्षं जगला. पंचवीस वर्षांत आलं आणि गेलं असं हे शहर.

आज तिथे संगीत महाल म्हणून ओळखला जाणारा पडका महाल उभा आहे. मधली प्रचंड कमान, बाजूला दोन अरुंद उंच कमानी, समोर पाण्याच्या हौदाची जागा. अर्ककिल्ल्यातला गगन महाल आठवेल, ठेवण तीच आहे. अधूनमधून सरकारतर्फे नवरसपूर उत्सव होतो. बाकी दिवस शेळ्या आणि वारा. वाटेत "नवरसपूर कुठे" असं विचारू नका, कोणी सांगणार नाही. तोरवी विचारा, मग संगीत महाल. गवत वाढलेलं असतं, तेव्हा बंद बूट घाला आणि पावसाळ्यानंतर लगेच जात असाल तर काठी ठेवा.

१०. अर्ककिल्ल्यात त्याचं काय उरलं आहे?

शहराच्या मधोमध, खंदकाने वेढलेला हा आतला किल्ला. आज त्यातून रस्ते जातात आणि कचेऱ्या चालतात, त्यामुळे आपण किल्ल्यात शिरलो हेच पुष्कळांना कळत नाही. आनंद महाल १५८९ मध्ये इब्राहिमने बांधला. बाहेरूनच बघायला मिळतो. सात मजली हा १५८३ च्या सुमाराचा. नाव सात मजली, पण उभे आहेत पाचच्या आसपास. त्याच्या भिंतींत पाणी खेळवलेल्या नळांच्या खुणा दिसतात. समोर जलमंदिर आहे, छोटंसं आणि सुरेख. गगन महाल मात्र आधीचा आहे, १५६१ चा, पहिल्या अलीचा. १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबापुढे चांदीच्या बेड्या घालून हजर झाला तो इथेच.

किल्ल्याच्या खंदकाकडे उतरून नरसिंहाचं एक लहान देऊळ आहे. इब्राहिम तिथे दर्शनाला येई, अशी गावातली परंपरा आहे. नृसिंहवाडीला जाणाऱ्या मंडळींना ती जवळची वाटते, कारण वाडीचं मंदिरही विजापूरच्या आदिलशहाने बांधलं अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ऐका, पण देऊळ जरूर पाहा. या राजाच्या भक्तीबद्दल प्रश्न १३ मध्ये लिहिलं आहे.

११. ताज बावडीत पाणी असतं का?

असतं. १६२० मध्ये मलिक संदलने ताज सुलतानेच्या नावाने ही बांधली, म्हणजे रोझा बांधणारा हाच. विहीर म्हणून गेलात तर थक्क व्हाल, कारण ती चौकोनी तलावाएवढी आहे. दोन अष्टकोनी बुरुजांमधल्या मोठ्या कमानीतून पायऱ्या उतरतात. पाण्यात उतरू नका, खोली अंदाजात येत नाही.

१२. मुलूखमैदान, गोल घुमट, बारा कमान, उपली बुरूज हे इब्राहिमचेच ना?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. मुलूखमैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ती निजामशाहीची. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला आणली, तेव्हा इब्राहिमला जाऊन पाच वर्षं झाली होती. गोल घुमट आणि असर महाल हे त्याचा मुलगा महंमद आदिलशहाचे. बारा कमान नातवाची, दुसऱ्या अलीची, अर्धीच राहिलेली. जामा मशीद चुलत्याने सुरू केलेली.

उपली बुरूज मात्र त्याच्या काळातला: १५८४, सरदार हैदरखानाने बांधला. सुमारे ऐंशी फूट उंच, बाहेरून गोल वळत जाणारा जिना, वर दोन लांबलचक तोफा. वरून सगळं शहर नकाशासारखं दिसतं. मेहतर महालही याच राजवटीचा मानतात. महाल नव्हे, मशिदीचं प्रवेशद्वार आहे ते. सज्ज्याखालचे दगडी हात पाहा, सुतारकामच वाटतं.

१३. मुसलमान राजा सरस्वतीची पूजा करायचा? हे कोणी नंतर रचलेलं नाही ना?

रचलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या ग्रंथात आहे. किताब-ए-नवरसचा आरंभ सरस्वतीच्या स्तवनाने होतो. एका पदात तो स्वतःचं वर्णन करतो: पिता गणपती, माता सरस्वती, हातात तंबोरा, राहणार विद्यापूरचा. त्याच्या काही फर्मानांच्या माथ्यावर "अज पूजा श्री सरस्वती" अशी अक्षरं आहेत. तांब्याच्या नाण्यांवर त्याने "अबला बली" म्हणवून घेतलं, दुबळ्यांचं बळ.

पण तेवढ्यावरून त्याला हिंदू ठरवणं चूक आहे. त्याच ग्रंथात प्रेषितांची स्तुती आहे आणि गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांच्यावर तर त्याची अपार श्रद्धा होती. कबरीसमोर मशीद आहे आणि भिंतींवर कुराणातल्या अरबी आयती. तो सुन्नी मुसलमान होता आणि सरस्वतीचा भक्त होता. दोन्ही त्याने उघडपणे लिहून ठेवलं आहे. एक बाजू पुसून टाकणारा कोणीही गाईड भेटला तर मान हलवा आणि पुढे चला.

१४. चांदबीबीचा याच्याशी काय संबंध?

ती त्याची चुलती, पहिल्या अलीची राणी आणि अहमदनगरच्या निजामशहाची मुलगी. नवरा गेल्यावर लहान इब्राहिमच्या नावाने तिने कारभार पाहिला. दरबारातल्या किश्वरखानाने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं होतं, म्हणजे अजिंक्यताऱ्याशीही या कथेचा धागा आहे. पुढे ती माहेरी परतली आणि मोगलांपासून अहमदनगर राखताना गेली. विजापुरात तिच्या नावाची चांद बावडी आहे, १५७९ ची. नगरला डोंगरावर जो "चांदबीबी महाल" दाखवतात ती मात्र सलाबतखानाची कबर आहे.

१५. शिवकाळाशी याचा काही दुवा?

थेट दुवा शहाजीराजांचा. भातवडीच्या लढाईत (प्रश्न ९) ते मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. लढाईनंतर अंबरशी बिनसलं आणि शहाजीराजे काही वर्षं याच इब्राहिमच्या नोकरीत आले. इब्राहिम १६२७ मध्ये वारला. पुढे शिवाजी महाराजांचा सामना झाला तो महंमद आणि दुसऱ्या अलीशी.

१६. त्याचं चित्र विजापुरात कुठे बघायला मिळेल?

उत्तम चित्रं परदेशी आहेत. तंबोरा वाजवणारा इब्राहिम प्राग शहरातल्या नाप्रस्तेक संग्रहालयात आहे, चित्रकार फर्रुख बेग. हातात करताल घेतलेला इब्राहिम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ही आधी पाहावीत आणि मग विजापूरला यावं. त्या तंबोऱ्याचं नावसुद्धा ठाऊक आहे: मोतीखान.

१७. आई-बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना काय दाखवावं?

रोझा आणि जलमंदिर. रोझ्याच्या चौथऱ्याला पायऱ्या आहेत पण चढ थोडा, आणि ओसरीत बसायला सावली आहे. उपली बुरूज आणि गोल घुमटाची गॅलरी टाळा. घुमटाचे जिने अरुंद आहेत आणि मधे थांबायला जागा नाही.

१८. रोझा म्हणजे दर्गा का? फूल, चादर नेऊ का?

नाही. रोझा म्हणजे बागेतली कबर. इथे पीर नाही, राजा आहे. चपला काढा, डोकं झाकलंत तर चांगलंच, फूल-चादर नको. चालती मशीद हवी असेल तर जामा मशिदीत जा, पण शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळून.

१९. आमच्या गटात गाणारी मंडळी आहेत. तिथे गायलं तर चालेल का?

रोझ्यात नाही. ती कबर आहे, आणि संरक्षित वास्तूत कार्यक्रम करायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. तोरवीच्या संगीत महालात चार माणसांनी माईक, पेटी न आणता गुणगुणलं तर कोणी अडवत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर आलेल्या एका मावशींनी मोठ्या कमानीखाली बसून भूप आळवला. भूपाली त्याच्या ग्रंथातही आहे हे मी त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी पाचच्या आत या. नंतर वारा उलटा फिरतो आणि कमानीत आवाज नीट उभा राहत नाही.